बंगला आणि आखाडा

हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापूर हें आमचें मूळ गांव. हिंगोलीहून कळमनुरीवरून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर तें वसलेलें आहे. तेथें आमच्या आजोबांनीं बांधलेलें माळवदाचें घर आहे. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास या भागास भूकंपाचा धक्का बसला; त्याची तीव्रता ४.५ इतकी होती. त्याच वर्षीं १० जुलै रोजीं तसाच धक्का पुन्हां बसला. दोन्ही धक्क्यांचें केंद्र कळमनुरी तालुक्यांतच होतें. आमच्या घरीं कोणास इजा झाली नाहीं. परंतु माजघराच्या भिंतीस वरपासून खालपर्यंत उभी भेग गेली. तेव्हांपासून आमच्या पुतण्यांचा आग्रह आहे कीं, हें घर पाडावें आणि त्या जागीं चांगला बंगला बांधावा. घरांतील वडील माणूस म्हणून संमतीच्या कागदावर पहिली सही आमची व्हावयाची होती.

कागद पुढें आला तेव्हां आम्हीं थोडी सवड मागून घेतली. पाडावयाचें घर कसें आहे हें आम्हांस ठाऊक होतें. बांधावयाचा 'बंगला' म्हणजे काय, हें मात्र आपणांस नीट ठाऊक नाहीं, असें आमच्या ध्यानीं आलें. हा शब्द आपण मोठेपणाचा वाचक म्हणून उच्चारतों. कोणाच्या मुलानें शहरांत बंगला बांधला असें कळतांच गांवांत त्याच्या बापाची पत वाढते. परंतु या शब्दाचा इतिहास पाहूं जातां तो गरिबाच्या खोपटापासून सुरू होतो, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून पुन्हां आपल्या दाराशीं येतो. तो प्रवास वाचकांपुढें मांडावा, आणि त्यांतून आमच्या घरगुती प्रश्नास कांहीं उत्तर मिळतें कीं काय हें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

'बंगला' याचा मूळ अर्थ बंगालचें घर. बंगालच्या पाणथळ मुलुखांत शेतकरी बांबूचा सांगाडा उभारून त्यावर गवताचें छप्पर घालीत. पावसाचें पाणी चटकन् निथळून जावें म्हणून त्या छपराची कड दोन्ही टोंकांस खालीं वळविलेली असे. हें वळण इतकें डौलदार होतें कीं मोंगल बादशहांसहि त्याचा मोह पडला. आग्र्याच्या किल्ल्यांत शहाजहानाच्या खास महालाच्या दोहों बाजूंस जे मंडप आहेत, त्यांचीं छपरें याच बंगाली घाटाचीं आहेत. सतराव्या शतकांत इंग्रज व्यापारी बंगाल्यांत आले, तेव्हां त्यांनींहि तात्पुरत्या निवाऱ्यासाठीं हींच घरें उभारलीं व तोच शब्द आपल्या दप्तरांत लिहिला. पुढें कंपनीच्या फौजी इंजिनिअरांनीं या झोपडीस उंच जोतें दिलें, रुंद व्हरांडा दिला, आणि भोंवतीं मोकळें आवार ठेवून तिला छावणीच्या शिस्तींत उभें केलें. झोपडीचा साहेब झाला तो असा.

आमच्या भागानें साहेबाचा बंगला पाहिला तो हिंगोलीस. निजामाच्या पैशानें पोसलेली, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमतींतील हैदराबाद काँटिंजंट नांवाची जी फौज होती, तिची छावणी तेथें होती. १९०३ सालीं ती फौज हिंदुस्थान सरकारच्या सैन्यांत विलीन झाली. आपल्या जुन्या गांवांत एका घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीस टेकलेली असते. शेजाऱ्याच्या उखळाचा आवाज माजघरांत ऐकूं येतो. छावणींतील बंगल्याभोंवतीं मात्र आवार असे, आणि त्या आवाराचा एक उपयोग माणसांस दूर ठेवणें हाहि होता. बंगल्यावर जाणें म्हणजे अर्ज घेऊन पायरीपाशीं उभें राहणें होय. या शब्दास जो रुबाब चिकटला तो येथून. आमच्या पुतण्यांच्या आग्रहांतहि त्याचा थोडा अंश असावा, अशी आम्हांस शंका आहे.

इंग्लंडांत हा बंगला गेला तो सुटीच्या घराच्या रूपानें. १८७० च्या सुमारास केंट परगण्यांतील वेस्टगेट व बर्चिंग्टन या समुद्रकांठच्या ठिकाणीं जॉन टेलर या वास्तुकारानें कांहीं बंगले बांधले. कवि व चित्रकार डांटे गेब्रिएल रोझेटी यांस १८८२ सालीं मृत्यु आला तो बर्चिंग्टनच्या अशाच एका बंगल्यांत. परंतु या घराच्या पाठीशीं एक विचार उभा राहिला तो अमेरिकेंत, आणि त्या विचाराचें मूळ रस्किन व विल्यम मॉरिस यांच्या शिकवणुकींत होतें. यंत्रानें केलेल्या वस्तूंचा इंग्लंडांत सुकाळ झाला, त्या वेळीं या दोघांनीं असें विचारलें कीं, ज्या वस्तु करतांना कारागिरास आनंद होत नाहीं त्या वापरणाऱ्यास तरी कशा आनंद देतील ?

गुस्टाव्ह स्टिकली हा अमेरिकन सुतारकामाचा धंदेवाला या प्रश्नानें भारला गेला. १९०१ सालीं त्यानें 'क्राफ्ट्समन', म्हणजे 'कारागीर', या नांवाचें मासिक काढलें. त्याचा पहिला अंक मॉरिसला वाहिलेला होता. थोड्याच वर्षांत तो त्यांत लहान घरांचे आराखडे छापूं लागला, आणि वर्गणीदारास घराचा एक संपूर्ण नकाशा फुकट मिळेल असें त्यानें जाहीर केलें. त्याचें तत्त्व थोडक्यांत सांगावयाचें तर असें : घर लहान असावें, जवळच्या दगडलांकडाचें असावें, त्यांत खोटी सजावट नसावी, आणि जो भाग भार वाहतो तो लपवूं नये. शोभेच्या दिवाणखान्याऐवजीं शेकोटीभोंवतीं सर्व कुटुंब बसेल अशी एक मोठी खोली असावी.

याच विचाराचें सर्वांत उज्ज्वल रूप कॅलिफोर्नियांत पासाडीना येथें दिसतें. चार्ल्स व हेन्री ग्रीन या बंधूंनीं तेथें वास्तुकाराचा धंदा मांडला होता. लहानपणीं सेंट लुईच्या एका शाळेंत त्यांनीं रंधा व करवत हातांत धरून लांकूडकाम शिकलें होतें. वास्तुविद्येचें शिक्षण त्यानंतरचें. १९०३ सालीं आर्तुरो बांदिनी याच्यासाठीं त्यांनीं जो बंगला बांधला, तो एकमजली असून त्याच्या तीन बाजूंच्या खोल्या मधल्या अंगणाकडे तोंड करून होत्या. जुन्या स्पॅनिश वसाहतींतील मातीच्या घरांवरून त्यांनीं ही मांडणी घेतली. मराठी वाचकास मात्र ती पाहून आपल्या चौकाचीच आठवण होईल. १९०८ सालीं गॅम्बल कुटुंबासाठीं त्यांनीं बांधावयास घेतलेलें घर आज जगप्रसिद्ध आहे. त्याच्या दर्शनी दालनांत ब्रह्मदेशचें सागवान वापरलेलें आहे. पीटर हॉल व जॉन हॉल या कारागीर बंधूंनीं त्यांतील लांकूड असें घडविलें कीं, प्रत्येक जोड उघडा दिसतो, प्रत्येक कड हातानें गोल केलेली आहे, आणि खुंटी कोठें बसविली आहे हें बोट ठेवून दाखवितां येतें. जोड लपविण्यांत इतरांचें कौशल्य; ग्रीन बंधूंचें कौशल्य जोड दाखविण्यांत होतें.

तथापि येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. ग्रीन बंधूंचीं अशीं घरें धनिकांसाठीं होतीं. इतकें हस्तकौशल्य सामान्य माणसास परवडणारें नव्हतें. सामान्य माणसाकडे बंगला गेला तो टपालानें. सिअर्स रोबक या प्रचंड दुकानानें १९०८ पासून १९४० पर्यंत घरांचीं चित्रमय सूचिपत्रें काढलीं. गिऱ्हाइकानें चित्र पसंत करावें, पैसे धाडावे, आणि घराचें सामान आगगाडीनें त्याच्या गांवीं उतरावें, असा तो व्यवहार होता. कारागिराच्या नांवानें सुरू झालेली चळवळ अशा रीतीनें कारखान्याच्या सूचिपत्रांत जाऊन मिळाली. स्टिकलीचें १९१५ सालीं दिवाळें निघालें व पुढच्याच वर्षीं त्याचें मासिक बंद पडलें. ग्रीन बंधूंची भागीदारी १९२२ सालीं संपली. अमेरिकन वास्तुकारांच्या संस्थेनें त्यांचा गौरव केला तो १९५२ सालीं, म्हणजे दोघेहि भाऊ ऐंशी उलटल्यावर. बंगला मात्र टिकला. शिल्लक राहिली ती आकृति. हरवला तो प्रश्न.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. आपल्या मध्यम वर्गानें वाडा सोडून बंगल्याची वाट धरली, तिला अनुकरणाची हौस एवढेंच कारण नव्हतें. १८९६ सालीं मुंबईंत व त्यापाठोपाठ पुण्यांत प्लेग आला. दाट वस्तीच्या पेठांतील वाड्यांत, जेथें मागच्या खोल्यांस सूर्यप्रकाश ठाऊक नव्हता, तेथें माणसें मरूं लागलीं. लोक गांवाबाहेर झोपड्या घालून राहूं लागले. मोकळ्या हवेंतल्या झोपडींत जीव वाचतो, हा धडा त्या पिढीनें असा घेतला. त्यांतच एकत्र कुटुंबें विभागूं लागलीं होतीं. नोकरदार मुलगा बायकामुलांसह निराळें बिऱ्हाड करूं लागला होता. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला व शहरांबाहेर आंखीव रस्त्यांच्या वसाहती शक्य झाल्या. पुण्यास भांबुर्डें, एरंडवणें, डेक्कन जिमखाना या बाजूस आवार असलेलीं सुटीं घरें दिसूं लागलीं. साहेबाच्या छावणींतला बंगला आतां वकील, प्राध्यापक व पेन्शनर यांच्या आटोक्यांत आला.

या नव्या घरमालकास वाट दाखविण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांत पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांचें नांव अग्रगण्य आहे. स्टिकलीनें अमेरिकेंत जें मासिकाच्या द्वारें केलें, तें देशपांडे यांनीं पुस्तकांच्या द्वारें केलें. १९३१ सालीं त्यांचें 'रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टु इंडिया' हें पुस्तक निघालें. १९३५ सालीं मध्यम वर्गासाठीं स्वस्त व आरोग्यकारक घरें या विषयावर, १९३९ सालीं 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया', आणि १९४३ सालीं 'बिल्ड युअर ओन होम' अशीं पुस्तकें त्यांनीं लिहिलीं. इंग्रजींत असल्यामुळें तीं महाराष्ट्राबाहेरहि जाऊं शकलीं. प्रस्तुत लेखकास त्यांचें जें महत्त्व वाटतें तें असें कीं, त्यांत घराचा विचार दर्शनी भागाच्या शोभेपासून सुरू होत नाहीं. वारा कोणत्या दिशेनें येतो, ऊन कोठें पडतें, चुलीचा धूर कोठें जावा, सांडपाणी कोठें न्यावें, शौचकूप घरास किती जवळ आणावा, आणि हातांत एवढे पैसे असतील तर यांतलें काय साधतें, असे हे प्रश्न आहेत. तसे ते क्षुद्र वाटतात; परंतु घरांतील बाईच्या आयुष्याचीं चाळीस वर्षें याच प्रश्नांच्या उत्तरांत जातात. आपल्या वाड्यांत सर्वांत चांगला उजेड दिवाणखान्यास व सर्वांत वाईट उजेड स्वयंपाकघरास असे. धुरानें डोळे गेलेल्या आज्या आमच्या पिढीनें पाहिल्या आहेत. नकाशावर स्वयंपाकघराची खिडकी काढणारा इंजिनिअर हा, आमच्या मतें, समाजसुधारकांच्या पंक्तीस बसण्यास योग्य होय.

या चळवळीची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ज्यास जमिनीचा तुकडा घेतां येई व ज्याची नोकरी कायमची असे, त्याच्याच उपयोगाचें हें ज्ञान होतें. अनेक नव्या वसाहती जातींच्या नांवांनीं उभ्या राहिल्या, आणि वाड्यांत मागें उरले ते ज्यांस बाहेर पडतां आलें नाहीं ते. शिवाय देशपांडे यांच्यासारख्यांचा भर आरोग्यावर होता. कारागिराच्या हाताचा प्रश्न त्या वेळच्या गरजांत मागें पडला. तो प्रश्न मुंबईस एका इंग्रजानें जागा ठेवला, हें विशेष होय. क्लॉड बॅटली हे वास्तुकार १९१३ सालीं मुंबईस आले, आणि १९२३ पासून १९४३ पर्यंत जे. जे. स्कूलमधील वास्तुविद्येचे प्रमुख होते. त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस जुन्या हिंदी इमारतींचीं मापें घेऊन त्यांचे आराखडे काढावयास लाविलें. जुन्या घराची नक्कल करावी असा त्यांचा आग्रह नव्हता; तें घर तसें कां बांधलें हें विद्यार्थ्यास फूटपट्टी हातांत धरून कळावें, असा होता. देशपांडे यांचा प्रश्न आणि बॅटली यांची फूटपट्टी एकत्र आलीं असतीं तर आपल्या गांवांतील घरांस निराळें वळण लागलें असतें, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

तीं एकत्र आलीं नाहींत. आमच्या मराठवाड्यापर्यंत तर बंगला आला तो नुसत्या सिमेंटच्या रूपानें. माळवदाचें घर कसें असतें हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. काळ्या दगडाच्या, मातींत बसविलेल्या दोन दोन हात जाड भिंती. आंत सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या व फळ्या. आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा हातभर थर. दोन तुळयांमधील अंतरास खण म्हणतात, आणि अमक्याचें घर इतक्या खणांचें असें म्हटलें कीं त्याची ऐपत कळे. मे महिन्यांत बाहेर अंगाची लाही होत असतां आंत माजघरांत घोंगडी टाकून पडल्यास झोंप लागे. पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं माळवदावर नवी माती टाकावी लागे, आणि येथेंच या घराचें मर्म व त्याचें मरण दोन्ही आहेत. कारण जुनी माती न काढतां वर नवी टाकीत गेल्यानें छताचें ओझें पिढीगणिक वाढत जातें.

त्या ओझ्याचा हिशेब ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस झाला. लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारों माणसें निजल्या जागीं गाडलीं गेलीं. भिंती जाड होत्या, परंतु आंतील व बाहेरील थरांस आरपार बांधणारे लांब दगड त्यांत नव्हते. धक्का बसतांच थर सुटले व माती खालीं आली. त्या दिवसापासून मराठवाड्यांत दगडमातीच्या घरावरील लोकांचा विश्वास उडाला. ज्यांनीं तीं प्रेतें पाहिलीं, त्यांस जुन्या घराच्या थंडाव्याचीं वर्णनें ऐकविणें ही क्रूरता होय. आमचे पुतणे सिमेंटचा आग्रह धरतात त्यांत हें भय आहे, आणि तें भय खरें आहे.

परंतु या भयाचें उत्तर म्हणून आम्ही जें बांधूं लागलों आहों, तें सिमेंटचें असलें म्हणून सुरक्षित ठरत नाहीं. भूकंपांत घर तगतें तें जोडांच्या बळावर : पायापासून छतापर्यंत सर्व भाग एकमेकांस बांधलेले असावे, दारांखिडक्यांच्या वरून चारी भिंतींस वेढणारा सलग पट्टा असावा, कोपरे सुटूं नयेत. गांवांत मात्र चित्र पाहून घर बांधलें जातें. नांदेडास पाहिलेला एखादा दर्शनी भाग मोबाइलमध्यें टिपून आणावा व मिस्त्रीस दाखवावा, कीं काम सुरू. सिअर्सच्या सूचिपत्राहून हें फारसें निराळें नाहीं. उलट त्या सूचिपत्राबरोबर नीट आंखलेला नकाशा तरी येत असे. ओसरी गेली, चौक गेला. पश्चिमेकडे कांचेची मोठी खिडकी आली. आणि उन्हाळ्यांत दुपारीं सर्व कुटुंब पंख्याखालीं घामाघूम होऊन बसतें.

आमच्या भागांत 'आखाडा' या शब्दास कुस्तीखेरीज आणखी एक अर्थ आहे. शेतांत गुरें बांधण्यास व राखणीस राहण्यास जें खोपट घालतात, त्यासहि आखाडा म्हणतात. तो एकमजली, चोहोंकडून मोकळा, हाताशीं असेल त्या लांकडाचा व पाल्याचा, आणि बांधणाऱ्यानेंच राहण्यासाठीं बांधलेला असतो. बंगालच्या शेतकऱ्याचा मूळ बंगला याहून निराळा काय होता ? जगभर फिरून ज्यास मान मिळाला तें घर आमच्या शिवारांत पूर्वींपासून उभें होतें. त्यास कोणी बंगला म्हटलें नाहीं, इतकेंच. आखाडा घालणारा शेतकरी आधीं वारा पाहतो, पाण्याचा उतार पाहतो, बैलांची दावण कोठें येईल हें ठरवितो, आणि मग पहिली मेढ रोवतो. स्टिकलीनें मासिक काढून व देशपांडे यांनीं पुस्तकें लिहून सुशिक्षितांस जें सांगितलें, तें त्यास न सांगतां ठाऊक असतें.

एवढा विचार झाल्यावर आम्ही दिवाळीच्या सुटींत गांवीं गेलों आणि पुतण्यांस समोर बसवून बोललों. घर पाडूं नका असें आम्हीं म्हटलें नाहीं. भेग गेलेल्या भिंतीखालीं नातवंडांस निजविण्याचा अधिकार कोणत्याहि इतिहासकारास नाहीं. आम्हीं तीन गोष्टी मागितल्या. पहिली, नकाशा जाणत्या इंजिनिअराकडून व भूकंपाचा विचार करून व्हावा. दुसरी, पूर्वेकडील ओसरी नव्या घरांतहि असावी. तिसरी, पाडण्यापूर्वीं जुन्या घराचीं मापें घेऊन तीं कागदावर काढावीं, आणि जें लांकूड चांगलें निघेल तें नव्या घरांत उघडें दिसेल असें वापरावें. थोरल्या पुतण्यानें पहिल्या दोन मान्य केल्या व तिसरीवर तो हंसला. तथापि दुसऱ्या दिवशीं तोच गांवांतील वृद्ध सुतारास घेऊन आला. त्यांनीं प्रत्येक खांबास खालून वरपर्यंत वाकसाच्या दांड्यानें ठोकून पाहिलें, तीन खांबांचे बुडखे वाळवीनें गेले असल्याचें सांगितलें, आणि उरलेलें लांकूड आपल्या नातवाच्या नातवासहि पुरेल असा निर्वाळा दिला. मग पुतण्यानें स्वतःच फीत धरली व त्याच्या मुलानें मापें लिहून घेतलीं.

संमतीच्या कागदावर आम्हीं सही केली आहे. काम मात्र अद्याप सुरू झालेलें नाहीं. कारण स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूस असावी हें सूनबाईंनीं अजून ठरविलेलें नाहीं, आणि तें ठरल्यावांचून नकाशा पुरा करूं नये असें सर्वांच्या मतें ठरलें आहे.